उपकार कोणाचे, कोणावर?

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्या कार्यालयात एका ठरावीक प्रकारच्या बातम्यांची आवक वाढते. एखाद्या धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने, महिला मंडळाने किंवा युवक संघटनेने पालघर, विक्रमगड, जव्हार या भागांतील पाड्यांना भेट देऊन ब्लँकेट, कपडे, धान्य आणि शालेय साहित्य यांचे वाटप केल्याची ती बातमी असते. सोबत छायाचित्र असते. त्यात देणारे ओळीने उभे असतात आणि घेणारे बहुधा समोर जमिनीवर बसलेले असतात. देणाऱ्यांची नावे डावीकडून उजवीकडे अशी व्यवस्थित लिहून पाठविलेली असतात. घेणाऱ्यांना मात्र नाव नसते. 'गरीब आदिवासी बांधव' एवढ्या तीन शब्दांवर त्यांची बोळवण होते.

अशा बातम्या आम्ही वर्षानुवर्षे आनंदाने प्रसिद्ध केल्या आहेत. त्यामागील तळमळीविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. स्वतःच्या घरातील सणाचा खर्च आवरून कोणी डोंगरातल्या अनोळखी मुलासाठी स्वेटर विकत घेतो, हे प्रभूच्या दृष्टीने लहान काम नव्हे. तथापि अलीकडे ही छायाचित्रे पाहताना एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. या चित्रात दाता कोण आणि याचक कोण, हे आपण इतक्या खात्रीने कसे ठरविले? वसई-विरारचा रहिवासी आणि सूर्या नदीच्या खोऱ्यातील शेतकरी या दोघांचा वर्षभराचा हिशेब मांडला, तर देणे कोणाकडे निघेल?

औदार्य आणि कृतज्ञता या दोन सद्गुणांचा उच्चार आपण नेहमी जोडीने करतो. परंतु मनातल्या मनात त्यांची वाटणीही करून टाकतो : औदार्य आपले आणि कृतज्ञता समोरच्याची. पालघर जिल्ह्याची आजची स्थिती नीट पाहिली, तर ही वाटणी टिकत नाही, असे आमचे नम्र मत आहे. कसे, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

पाण्याचा प्रवास

सूर्या ही वैतरणेची उपनदी. विक्रमगड तालुक्यातील धामणी येथे तिच्यावर धरण आहे आणि त्याच्या खालच्या बाजूस कवडास येथे बंधारा आहे. हा प्रकल्प मुळात शेतीसाठी आखला गेला. डहाणू, विक्रमगड आणि पालघर तालुक्यांतील १४ हजारांहून अधिक हेक्टर जमीन कालव्यांच्या पाण्याने भिजावी, केवळ पावसाळी पिकावर जगणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यात दुसरे पीक घेता यावे, असा त्यामागील हेतू होता. धरणासाठी ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. आपल्या भाऊबंदांची शेते तरी हिरवी होतील, ही त्यांची आशा होती.

पुढे किनाऱ्यालगतची शहरे वाढत गेली. तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, पालघर आणि बोईसर वाढले आणि दक्षिणेकडे वसई-विरार व मीरा-भाईंदर ही महानगरे उभी राहिली. पिण्याच्या पाण्याची गरज शेतीच्या आधी मोजली जाऊ लागली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना दररोज ४० कोटी ३० लाख लिटर पाण्याची आहे. त्यातील १८ कोटी ५० लाख लिटर वसई-विरारसाठी आणि २१ कोटी ८० लाख लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरविलेले आहे. वसई-विरारला या योजनेचे पाणी २०२३ मध्ये मिळू लागले. त्यापूर्वीच्या योजनांतूनही सूर्येचेच पाणी शहराला येत होते. म्हणजे आपल्यापैकी असंख्य कुटुंबांचा सकाळचा पहिला पेला सूर्येच्या खोऱ्यातून येतो.

त्याच खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या संघटना या पाणीवाटपाविरुद्ध अनेकदा रस्त्यावर आल्या आहेत. कालव्यांना गळती आहे, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, सिंचनाचे मूळ क्षेत्र पुरे झालेले नाही, अशा त्यांच्या तक्रारी आहेत. पावसाळा संपला की त्या भागातील कितीतरी कुटुंबे आजही घराला कडी घालून कामाच्या शोधात बाहेर पडतात. वसई, भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर ती आपल्याला दिसतात. पाणी आधी खाली आले आणि पाठोपाठ माणसेही खाली आली. पाण्यासाठी आपण जलवाहिनी टाकली. माणसांसाठी मात्र ताडपत्रीची झोपडी पुरेशी आहे असे मानले.

येथे आम्ही आपल्या लोकांवर अन्याय करू इच्छित नाही. वसईची तहान खोटी नव्हती. पश्चिम पट्ट्यातील गावांनी ६९ गावांच्या पाणीपुरवठा योजनेची किती वर्षे वाट पाहिली, विहिरी खाऱ्या होताना किती बागायतदारांच्या डोळ्यांत पाणी आले, हे आम्ही जाणतो. तहानलेल्याने पाणी मागणे हे पाप नव्हे. परंतु आपल्याला स्वतःचाच इतिहास विसरता येणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. वाडीतल्या विहिरींचे पाणी उपसून टँकरने नव्या इमारतींना विकले जात होते आणि आपल्या बागा सुकत होत्या. आमचे पाणी नेणाऱ्यांनी आम्हांला विचारले का, हा तेव्हा आपला सवाल होता. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या स्मृतीस आपण फुले वाहिली, ते योग्यच झाले. पण तोच सवाल आज सूर्येच्या काठावरून आपल्याला विचारला जात आहे. त्या वेळी आपण टँकर अडविणारे होतो. आज आपण जलवाहिनीच्या नळाकडच्या टोकाला उभे आहोत.

दावीद राजाचे पाणी

जुन्या करारात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, एक छोटासा प्रसंग आहे. रविवारच्या वाचनांत तो येत नाही, म्हणून अनेकांच्या परिचयाचा नसेल. दावीद गडावर आहे आणि बेथलेहेमवर पलिष्ट्यांचा पहारा आहे. आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी प्यायला देईल तर काय बरे होईल, असे दावीद सहज बोलून जातो. त्याचे तीन शूर शिपाई शत्रूची फळी फोडून जातात आणि ते पाणी घेऊन येतात. दावीद त्या पाण्याकडे पाहतो आणि ते पीत नाही. ज्या माणसांनी जीव धोक्यात घातला, त्यांचे रक्तच जणू या भांड्यात आहे, असे त्याला वाटते. तो ते पाणी परमेश्वरापुढे ओततो.

वरवर पाहता ही नासाडीच झाली. परंतु दाविदाने त्या क्षणी एक गोष्ट ओळखली : आपल्या हातातील पेल्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली आहे. हे ओळखणे म्हणजेच कृतज्ञता. ती गोड शब्दांनी सुरू होत नाही. वस्तूच्या मागे उभा असलेला माणूस दिसू लागला की ती सुरू होते. आपण दाविदाप्रमाणे पाणी ओतून देऊ शकत नाही आणि तसे करणे शहाणपणाचेही नाही. उलट आपण ते जपून वापरले पाहिजे. पण पेला ओठांना लावण्यापूर्वी क्षणभर थांबणे आपल्याला जमेल. आम्ही पाणीपट्टी भरतो, मग उपकार कसले, असे कोणी विचारील. पाणीपट्टीत वीज, पंप, नळ आणि शुद्धीकरण यांचा खर्च येतो. बुडालेल्या शेताची आणि कोरड्या कालव्याची किंमत त्या बिलात नसते.

दिलेले आणि घेतलेले

पाण्याची गोष्ट विजेलाही लागू पडते. तारापूर हे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र. त्याचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच २००५ व २००६ साली कार्यान्वित झाले. या दोन नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. समुद्रावर जगणारी कुटुंबे समुद्रापासून दूर नेऊन वसविण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा, मोबदल्याचा आणि नोकऱ्यांचा वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालत राहिला. तारापूरची वीज राज्याराज्यांत गेली, डहाणूच्या औष्णिक केंद्राच्या ५०० मेगावॉट विजेने मुंबईची उपनगरे उजळली. आपल्या भाषेत 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आहे. तिचा अर्थ या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

औद्योगिक वसाहतीचेही तसेच आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे शेकडो कारखाने आहेत. आपल्या घरातील औषधाच्या डब्यात एखादी तरी गोळी अशी असेल की जिचे मूळ रसायन बोईसरला तयार झाले. या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते. खाडीतील आणि किनाऱ्यावरील मासळी नष्ट होत असल्याची मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. अखेर मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. कारखान्यांच्या भिंतींच्या आतले दुःख तर आपल्याला क्वचितच दिसते. ऑगस्ट २०२५ मध्ये बोईसर येथील एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन ४ कामगार मरण पावले. दोन दिवस ती बातमी होती. नंतर आपण गोळ्या पूर्वीप्रमाणेच घेत राहिलो.

अशा वेळी एक शब्द मोठ्या सहजपणे वापरला जातो : त्याग. प्रकल्पग्रस्तांनी देशासाठी त्याग केला, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. ख्रिस्ती माणसाने हा शब्द जपून वापरावा, अशी आमची विनंती आहे. प्रभू येशूने आपला प्राण स्वतः होऊन अर्पण केला. तो कोणी त्याच्याकडून काढून घेतला नाही, हे योहानाचे शुभवर्तमान स्पष्टपणे सांगते. जे स्वखुशीने दिले जाते तो त्याग. जे नोटीस लावून, पोलीस बंदोबस्तात घेतले जाते त्याला त्याग म्हणणे ही देणेकऱ्याची सोय आहे. त्याग म्हटले की हारतुरे देऊन भागते; घेतले म्हटले की परत देण्याचा प्रश्न उभा राहतो.

जक्कयाच्या दोन वह्या

या ठिकाणी आम्हांस लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची आठवण होते. उंबराच्या झाडावर चढलेला हा बुटका जकातदार बालवर्गापासून आपल्या ओळखीचा आहे. परंतु प्रभू घरी आल्यावर त्याने जे जाहीर केले, त्यातील बारकावा आपण सहसा लक्षात घेत नाही. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गोरगरिबांना देण्याचे त्याने ठरविले. तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्या कोणाकडून अन्यायाने काही घेतले असेल, त्याला ते चौपट परत करण्याचे त्याने वेगळे वचन दिले. म्हणजे त्याने दोन वह्या ठेवल्या. एक औदार्याची, दुसरी परतफेडीची. एका वहीतील रक्कम त्याने दुसरीत जमा केली नाही. गरिबांना अर्धी संपत्ती दिली, आता जुने हिशेब मिटले, असे तो म्हणाला नाही.

आमची चूक नेमकी येथे होते. आपल्याकडे एकच वही आहे. सूर्येच्या खोऱ्यात वाटलेले ब्लँकेट आपण औदार्याच्या खात्यावर लिहितो. पण ज्या खोऱ्याचे पाणी आपण पितो, त्या खोऱ्याचे देणे कोणत्याच खात्यावर नसते. त्यामुळे ब्लँकेट देताना आपले मन भरून येते आणि कालव्याच्या दुरुस्तीसाठी कोणी मोर्चा काढला तर तीच माणसे आपल्याला कटकटी वाटू लागतात. हात पसरणारा आदिवासी आपल्याला प्रिय आहे, हिशेब मागणारा नाही. खरे पाहता हिशेब मागणारा आपला सन्मान करतो. तो आपल्याला न्यायी समजून आपल्याशी बोलतो.

हा विचार आम्ही आज नव्याने काढलेला नाही. गरिबाला जे देतोस ते तुझे नव्हे, त्याचेच त्याला परत करतोस, या भावार्थाची संत अम्ब्रोस यांची शिकवण पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली राष्ट्रांच्या विकासावरील आपल्या परिपत्रकात पुन्हा जगापुढे ठेवली. पोप फ्रान्सिस यांनी गरिबांसाठीचा जागतिक दिन सुरू केला आणि तो २०१७ पासून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण पाळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले पोप चौदावे लिओ यांचे 'दिलेक्सी ते' हे प्रबोधनपत्र तर संपूर्णपणे गरिबांवरील प्रेमाविषयी आहे. गरीब माणूस हा ख्रिस्तसभेच्या दयेचा केवळ विषय नाही, त्याच्याकडून ख्रिस्तसभेला शिकायचे आहे, हे या परंपरेचे सार आहे.

नव्या धान्याची शिकवण

काय शिकायचे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. वारली समाज धान्याला कणसरी माता म्हणून मान देतो. नवे धान्य आणि नवी भाजी हाती आली की ती आधी देवाला आणि पूर्वजांना अर्पण केल्याशिवाय खायची नाही, ही रीत त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याच्या घरी उन्हाळ्यापर्यंत धान्य पुरेल की नाही याची खात्री नाही, तो पहिली मूठ स्वतःच्या तोंडात घालत नाही.

बायबलचा वाचक येथे थबकल्याशिवाय राहणार नाही. अनुवादाच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इस्राएलला हीच आज्ञा आहे. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवायची आणि ठेवताना आपली कहाणी सांगायची : आपले पूर्वज भटके होते, परक्या देशात गुलाम होते, परमेश्वराने त्यांना सोडविले आणि ही जमीन दिली. त्यानंतर सण करायचा, आणि तो एकट्याने नाही. लेवी आणि परका माणूस यांना सोबत घेऊन. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा किंवा गोव्यातील नव्या कणसांचा आशीर्वाद यांमागे हीच भावना आहे. आपल्याकडे शेती आटत गेली तशी ही आठवणही आटत गेली. धान्य दुकानातून येते, पाणी नळातून येते, वीज बटणातून येते. देणारा दिसेनासा झाला की आभार कोणाचे मानायचे हेच कळेनासे होते. मग कृतज्ञता प्रार्थनेच्या पुस्तकात उरते.

याचा अर्थ आदिवासींचे जीवन रम्य आहे आणि आपण त्यांना तसेच राहू द्यावे, असा कोणी काढू नये. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. भूक ही भूकच असते. मुद्दा एवढाच की ज्याच्याजवळ आपण काही घेऊन जातो, त्याच्याजवळही काही आहे. रिकाम्या भांड्यात ओतायला जावे तसे आपण त्यांच्याकडे जाऊ नये.

उद्याचा प्रश्न

हा सारा विचार आज अधिक तातडीचा झाला आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग हेही याच जिल्ह्यातून जात आहेत. बंदरामुळे रोजगार येईल, असे एक बाजू सांगते. मासेमारीची समृद्ध जागा जाईल, असे किनाऱ्यावरील मच्छीमार सांगतात आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षे संघर्ष करीत आले आहेत. सातपाटीच्या पापलेटाची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

आपल्या धर्मप्रांतातही याविषयी दोन मते आहेत, हे आम्ही जाणतो. बोईसर-तारापूर भागातील आपली अनेक ख्रिस्ती कुटुंबे देशाच्या नाना प्रांतांतून अणुशक्ती केंद्राच्या आणि कारखान्यांच्या नोकरीनिमित्त तेथे आली. उद्योगाने त्यांना घर दिले, मुलांना शिक्षण दिले. त्यांची उद्योगाविषयीची कृतज्ञताही खरी आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. एखादे बंदर बांधावे की न बांधावे, याचा तांत्रिक निवाडा देण्याचा अधिकार संपादकाच्या लेखणीला नाही. पण एक गोष्ट आम्ही निश्चितपणे म्हणू शकतो. पोफरण आणि अक्करपट्टीचा हिशेब पुरा करण्यास जितकी वर्षे लागली, तितकी पुन्हा लागू नयेत. ज्यांच्याकडून घ्यायचे आहे, त्यांना घेण्यापूर्वी विचारले जावे. आणि घेतल्यावर 'त्याग' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांचे देणे चुकते व्हावे. उद्या बंदरावर उतरणारा माल स्वस्तात आपल्या दुकानांत येईल, तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली हे विचारणारे निदान आपण तरी असावे.

आपल्या हाती काय आहे?

इतके वाचल्यावर काही वाचक म्हणतील, धरण आणि बंदर सरकारच्या हाती. आम्ही काय करणार? मोठे काही सुचविण्याऐवजी चार साध्या गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गाची. आपल्या घरात येणारे पाणी कोठून येते, ते मुलांना शिकवावे. शक्य असेल तेथे प्रथम कम्युनियन किंवा दृढीकरणाच्या तयारीत मुलांना एकदा धामणी-कवडासला न्यावे. सहल म्हणून न नेता, तेथील कुटुंबांशी बोलण्यासाठी न्यावे. ज्या मुलाने धरण पाहिले आणि त्याच्या पायथ्याशी कोरडे शेत पाहिले, तो दात घासताना नळ उघडा ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट नाताळच्या भेटींची. त्या बंद कराव्यात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जाण्यापूर्वी तेथील लोकांना विचारावे, एवढेच सुचवितो. कदाचित त्यांना ब्लँकेटपेक्षा जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून देणारा माणूस हवा असेल, वनहक्काचा दावा समजावून सांगणारा वकील हवा असेल किंवा दहावीच्या मुलीसाठी वसतिगृहाची फी हवी असेल. वर्षातून एकदा दहा पाड्यांना जाण्यापेक्षा एकाच पाड्याकडे वर्षातून दहा वेळा जावे. मग नावे आपोआप कळतील.

तिसरी गोष्ट आपल्या दाराशी आलेल्यांची. वीटभट्टीवरचे कुटुंब, वाडीत कामाला येणारी बाई, बोईसरच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार. त्यांना ठरलेली मजुरी, ठरलेल्या दिवशी, पुरी मिळाली पाहिजे. मजुरी थकवून नाताळला भेटवस्तू देणे म्हणजे जक्कयाची दुसरी वही फाडून पहिलीत चिकटविणे होय.

चौथी गोष्ट सार्वजनिक पाठिंब्याची. सूर्येच्या कालव्यांची दुरुस्ती व्हावी, विस्थापितांचे पुनर्वसन पुरे व्हावे, कारखान्यांनी सांडपाणी नीट शुद्ध करावे, या मागण्या कोणत्याही पक्षाच्या नाहीत. आपल्या ग्रामसभांत, आपल्या लोकप्रतिनिधींपुढे, वसईच्या मतदाराने त्या मांडल्या तर त्यांचे वजन वेगळे पडेल. ज्याला पाणी मिळाले त्याने ज्याला मिळाले नाही त्याच्यासाठी बोलणे, ही कृतज्ञता. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांनी काही वाईट केले नव्हते. ते आपल्या वाटेने पुढे गेले, इतकेच. परत वळणे ही सवय आहे आणि ती लावून घ्यावी लागते.

आमच्यापुरती एक गोष्ट आम्ही ठरविली आहे. यापुढे अशा भेटींची बातमी येथे येईल, तेव्हा देणाऱ्यांच्या नावांची यादी छापली जाणार नाही. घेणाऱ्यांना बसवून काढलेले छायाचित्रही छापले जाणार नाही. त्याऐवजी तेथे कोणाची भेट झाली, त्यांनी काय सांगितले आणि आपण तेथून काय घेऊन आलो, हे लिहून पाठवावे. काही मंडळी नाराज होतील याची आम्हांस कल्पना आहे. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, असे सांगणाऱ्या प्रभूची मंडळी ती नाराजी सोसतील, असा आमचा विश्वास आहे.

शेवटी एक लहानशी गोष्ट. पवित्र मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाच्या पेल्यात पाण्याचा एक थेंब मिसळतो. ख्रिस्ताच्या देवपणात आपल्याला वाटा मिळावा, अशी प्रार्थना तो त्या वेळी हलक्या आवाजात करतो. सेमिनरीत आम्हांला त्या थेंबाचा अर्थ शिकविला गेला होता : तो थेंब म्हणजे आपण, मानवजात. त्या थेंबाचे गाव कोणते, हा विचार मात्र कित्येक वर्षे आमच्या मनात आला नाही. आपल्या कित्येक वेद्यांवर तो थेंब आज सूर्येच्या खोऱ्यातून येतो. ज्यांनी कदाचित कधीच आपल्या चर्चचा उंबरा ओलांडला नसेल, त्यांच्या नदीचे पाणी रोज ख्रिस्ताच्या पेल्यात मिसळते. युखारिस्त या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी आभार मानणे असा आहे. येत्या रविवारी ते भांडे वेदीवर येईल, तेव्हा प्रत्येकाने मनातल्या मनात धामणीचे नाव घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. औदार्य त्यानंतर आपोआप योग्य वाट शोधील.